कोडेक पॅक की व्हीएलसी? काढून टाकताना कळलेला फरक

नातेवाइकाने आयफोनवर घेतलेले मुंजीचे चित्रीकरण पेनड्राइव्हवरून घरच्या संगणकात उतरवावे, मोठ्या कौतुकाने सगळ्यांना समोर बसवावे, आणि विंडोजच्या प्लेअरमधून फक्त सनईचा आवाज येऊन पडदा काळाच राहावा, हा प्रसंग आता बहुतेक घरांत एकदा तरी घडून गेला असेल. २०१७ मध्ये आयओएस ११ आल्यापासून नवे आयफोन व्हिडिओ एचईव्हीसी या पद्धतीने साठवू लागले, आणि विंडोजला ती पद्धत वेगळे एक्स्टेन्शन घातल्याशिवाय उलगडत नाही. अशा वेळी दोन वाटा समोर येतात. विंडोजचा ओळखीचा प्लेअर तसाच ठेवून त्याच्या मदतीला एखादा कोडेक पॅक, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांचा (कोडेकांचा) संच बसवावा, किंवा सारा सरंजाम स्वतःच्या पोटात घेऊन येणारा व्हीएलसीसारखा प्लेअर घ्यावा. मी दोन्ही वाटांनी जाऊन आलो आहे, अर्थात मुलुंडच्या आमच्या घरातील दोन संगणकांपुरता, त्यामुळे पुढचे मत तेवढ्याच बेताने घ्यावे.

पहिला संगणक वडिलांचा. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडून घेतलेला, चार जीबी रॅमचा, पुढे विंडोज १० वर आणलेला. वडिलांनी विंडोज मीडिया प्लेअरमध्ये अभंग, नाट्यपदे आणि व्हीसीडीवरून उतरवलेली नाटके यांच्या याद्या वर्षानुवर्षे लावून ठेवलेल्या होत्या. दुसरे काही शिकायला ते तयार नव्हते, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे मला आजही वाटत नाही. म्हणून तिथे मी एक प्रसिद्ध, फुकट मिळणारा कोडेक पॅक बसवला. पहिले चार महिने तक्रारीला जागाच नव्हती. ज्या फाइली अडत होत्या त्या चालू लागल्या, फोल्डर उघडला की प्रत्येक व्हिडिओचे छोटे चित्र दिसू लागले, आणि प्लेअरचा चेहरा तोच राहिल्यामुळे वडिलांना काही बदलले आहे याचा पत्ताही लागला नाही. पॅकच्या बाजूने एवढे मोकळेपणाने म्हटले पाहिजे, कारण व्हीएलसी हे छोट्या चित्रांचे काम करत नाही. तो आपले कोडेक स्वतःजवळ ठेवतो, ते विंडोजला वापरायला देत नाही.

माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. कोडेक पॅक हा प्लेअर नसतो. तो डायरेक्टशो या विंडोजच्या व्हिडिओ-यंत्रणेचे फिल्टर, म्हणजे फाइल उलगडणारे सुटे भाग, विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीत नोंदवतो, आणि मग व्हिडिओ उघडणारा कोणताही प्रोग्रॅम त्या नोंदी पाहून फिल्टर उचलतो. प्रत्येक फिल्टरला प्राधान्याचा एक आकडा असतो. एकाच कामाचे दोन फिल्टर नोंदलेले असतील तर सामान्यतः मोठ्या आकड्याचा पुढे येतो, मग तो आपल्याला हवा असो वा नसो. त्यातही ३२ बिट आणि ६४ बिट प्रोग्रॅमांसाठी फिल्टर वेगवेगळे लागतात, म्हणून एका ठिकाणी चालणारी फाइल दुसऱ्या ठिकाणी रुसू शकते. बसवताना हे काहीही जाणवत नाही. जाणवते ते काढताना.

चार महिन्यांनी काही फाइलींत आवाज चित्राच्या मागे पडू लागला. नाटकात पात्राचे तोंड मिटल्यावर वाक्य ऐकू येई. पॅक बदलून पाहावा म्हणून मी तो कंट्रोल पॅनेलमधून रीतसर काढला, ‘यशस्वीरीत्या काढले’ असा संदेशही आला, आणि मी निश्चिंत झालो. तीन आठवड्यांनी एका रविवारी दुपारी आईच्या साठीच्या कार्यक्रमाचा फोल्डर उघडला. हिरवी पट्टी अर्ध्यापर्यंत सरकली, खालचा टास्कबार नाहीसा झाला, डेस्कटॉपवरची सगळी चिन्हे गेली, आणि दोन-तीन सेकंदांनी सारे परत आले, फक्त फोल्डर तेवढा बंद झालेला. पुन्हा उघडला, पुन्हा तेच. व्हायरस, हार्ड डिस्क, रॅम असे सगळे संशय घेऊन झाल्यावर लक्षात आले की एक्सप्लोरर, म्हणजे फोल्डर दाखवणारा विंडोजचा प्रोग्रॅम, त्या व्हिडिओंची छोटी चित्रे बनवायला जातो, त्यासाठी रजिस्ट्रीत राहून गेलेला पॅकचा एक फिल्टर हाक मारतो, आणि तिथेच कोसळतो. पागडीच्या खोलीतला भाडेकरू गावी गेला तरी कुलूप त्याचेच राहावे, तशातला प्रकार. फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘चित्रांऐवजी नेहमी चिन्हेच दाखवा’ ही चौकट टिक करून तात्पुरता निभाव लागला. नंतर ती उरलेली फाइल शोधून, कमांड प्रॉम्प्टमधून रेगएसव्हीआर३२ ही अशा नोंदी करणारी-काढणारी आज्ञा चालवून तिची नोंद रद्द करण्यात दोन संध्याकाळी गेल्या. ज्यांना हे काम आवडते त्यांनी खुशाल करावे. मला घरच्या संगणकाकडून ही अपेक्षा नाही.

दुसऱ्या संगणकावर, म्हणजे माझ्या, व्हीएलसी आधीपासून होता. १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सेंट्राल या अभियांत्रिकी संस्थेत विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून याची सुरुवात झाली, २००१ पासून तो मुक्त परवान्याखाली आहे, आणि त्याच्यामागची व्हिडिओलॅन ही संस्था ना-नफा तत्त्वावर चालते. बसवताना घटकांची यादी दिसते, तिच्यात उजव्या क्लिकच्या मेनूत येणाऱ्या नोंदी नको असतील तर तिथेच काढता येतात. याच यादीत जुनी प्राधान्ये (सेटिंग) आणि कॅशे, म्हणजे साठवलेली तात्पुरती माहिती, पुसण्याचीही चौकट आहे, आणि प्लेअर बिघडल्यासारखा वागू लागला तर पुन्हा बसवताना ती टिक करणे हा माझा पहिला उपाय असतो. काढल्यावर मागे फार तर ॲपडेटामधला ‘व्हीएलसी’ नावाचा लहान फोल्डर उरतो. तो हाताने पुसला तरी चालतो आणि तसाच पडू दिला तरी कुणाला त्रास देत नाही. मी हा प्लेअर निदान सहा वेळा बसवला आणि काढला असेन, आणि एकदाही एक्सप्लोररला त्याची खबर लागली नाही. काढण्याआधी एवढेच करावे की व्हिडिओ फाइलींसाठी दुसरा डिफॉल्ट प्रोग्रॅम निवडून ठेवावा, नाहीतर प्रत्येक फाइलवर ‘ही कशाने उघडायची’ ही विचारणा येत राहते.

व्हीएलसी देखणा आहे असे मी म्हणणार नाही. प्राधान्यांच्या खिडकीत ‘सर्व’ हा पर्याय निवडला की समोर जंगल उभे राहते, आणि गाण्यांचा संग्रह सांभाळण्यात त्याला विंडोज मीडिया प्लेअरची सर येत नाही. नंतर वडिलांच्या संगणकावरही तो बसवला, तेव्हा रस्ता खणताना ठेवतात त्या शंकूचे त्याचे चिन्ह पाहून ते पहिल्या दिवशी म्हणाले, “इथेही खोदकाम काढलंस का?” मात्र विंडोज १० ने डीव्हीडी चालवण्याची सोय काढून घेतल्यावर त्यांच्या डीव्हीडी याच शंकूने चालवल्या, आणि व्हीसीडीवरची डीएटी फाइलही ओढून टाकली की चालली. अभंगांच्या याद्या अजून जुन्या प्लेअरमध्येच आहेत. तो प्लेअर तसाही पूर्ण काढता येत नाही, विंडोज फीचर्समध्ये जाऊन बंद तेवढा करता येतो. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला, त्यात हा प्लेअर विंडोजला बांधून देणे हे एक कारण होते.

व्हीएलसी कुठून उतरवता यालाही महत्त्व आहे. २०२२ मध्ये त्याचे मूळ संकेतस्थळ भारतात अनेक महिने उघडत नव्हते, ते नोव्हेंबरमध्ये पुन्हा खुले झाले. मधल्या काळात माझ्या भाच्याने तीन हिरव्या डाउनलोड बटणांच्या भलत्याच एका पानावरून तो घेतला, आणि सोबत ब्राउझरचे मुखपृष्ठ बदलणारे एक बिनबोलावलेले पाहुणेही आले. प्लेअर दोन मिनिटांत निघाला, पाहुण्याला दुपार लागली. आता मूळ पान उघडते आहे, तेव्हा दुसरीकडे जाण्याचे कारण उरलेले नाही.

टीव्ही ट्यूनर कार्डाचे किंवा एडिटिंगचे जुने सॉफ्टवेअर अजून वापरात असेल, तर त्यांना डायरेक्टशोचे फिल्टर लागतात, आणि तिथे पॅकला पर्याय नसेलही. फक्त छोटी चित्रे हवीत म्हणून मात्र मी पॅकच्या वाटेला जाणार नाही, आणि एमकेव्ही या प्रकारच्या व्हिडिओ फाइली तर विंडोज १० पासून आपोआप चालतात. हलका प्लेअर हवा असणाऱ्यांनी एमपीसी-एचसी पाहावा. मूळ चमूचे काम २०१७ मध्ये थांबले असले तरी त्याची पुढची आवृत्ती निघत असते, फिल्टर त्याच्या आतच असतात, आणि झिप उघडून इन्स्टॉल न करताही तो चालवता येतो. माझ्या पेनड्राइव्हवर तो असतो, संगणकावर व्हीएलसी.

इतके वाचूनही पॅकच बसवायचा असेल, तर आधी सिस्टीम प्रोटेक्शन चालू आहे का ते पाहून रिस्टोअर पॉइंट, म्हणजे बिघडल्यास संगणक ज्या आधीच्या स्थितीत परत नेता येतो ती खूण, करून ठेवावा. विंडोज १० मध्ये ही सोय अनेकदा बंदच असते. वडिलांच्या संगणकावर ती बंद होती, आणि मी पाहिले नव्हते.