ई-इनव्हॉइसच्या नावाखाली २०,८५० रुपये गेले

आधी कामाचं सांगतो. २०१७-१८ पासून एकाही वर्षी उलाढाल ५ कोटींच्या वर गेली नसेल, तर ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवून घ्यायचं जीएसटीचं बिल, तुम्हाला लागूच नाही. आणि लागू असलं तरी सरकारी पोर्टलवर ते फुकट बनतं. त्याच गोष्टीपायी मी २०,८५० रुपये घालवून बसलोय.

माझं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट, उलाढाल ९० लाखांच्या आसपास. फोनवरचा माणूस म्हणाला, मर्यादा काढली, आता सगळ्यांना सक्ती, नाहीतर बिलामागे २५,००० दंड. मी विश्वास ठेवला. का ठेवला तेही ऐका. ऑक्टोबर २०२० मध्ये ही मर्यादा ५०० कोटी होती. मग १००, ५०, २०, १० करत ऑगस्ट २०२३ मध्ये ती ५ कोटींवर आली. आणखी खाली आली असेल असं वाटण्यात माझं काय चुकलं? त्यात एका मोठ्या पार्टीचा मेल येऊन पडलेला: ई-इनव्हॉइस लागू आहे का, कळवा. लेटरहेडवर ‘लागू नाही’ एवढं लिहून दिलं असतं तरी भागलं असतं. सीएंना विचारावं, तर रिटर्नची २० तारीख तोंडावर, ते फोन उचलेनात.

‘लाइफटाइम’ सॉफ्टवेअरचे ७,५०० आणि वर १८ टक्के जीएसटी १,३५०, असे ८,८५० पाठवले. त्यांचं बिल व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. त्यावर जीएसटी नंबरच नव्हता! कर लावलाय, नंबर नाही. मी दिवसाला दहा बिलं काढतो, पार्टीच्या नंबरातलं एक अक्षर चुकलं तर पोराला ओरडतो, आणि हे बिल नुसती खालची रक्कम बघून फाइलला लावलं. आजही ते समोर आहे. तिथेच थांबलो असतो तर पुढचे १२,००० वाचले असते. ते ‘आयआरएन अ‍ॅक्टिव्हेशन’च्या नावाने गेले; आयआरएन म्हणजे ई-इनव्हॉइसला पोर्टलवरून मिळणारा नंबर. वर पोर्टलचा पासवर्डही देऊन बसलो. तो कुणालाही देऊ नका. कुणालाही.

त्या सॉफ्टवेअरमधून ११ बिलं गेल्यावर पार्टीच्या अकाउंटंटने बिलावरचा क्यूआर स्कॅन केला, तर नुसती एक वेबसाइट उघडली. खरा आयआरएन ६४ अक्षरी असतो, माझ्या बिलांवर २० अक्षरं. मोजून बघत जा. माझं १,८६,००० चं पेमेंट अडकलं.

चौकीत तीन खेपा झाल्या. ‘पैसे तुम्हीच पाठवलेत, सॉफ्टवेअर मिळालंय, हा दिवाणी मामला.’ बँक म्हणते, व्यवहार तुमच्याच पिनने झालाय. कर कार्यालयात तर मलाच विचारलं, लागू नव्हतं तर घेतलं कशाला? अहो, आम्हाला रिटर्नला एक दिवस उशीर झाला तर लेट फी आपोआप लागते. तुमच्याच नियमाचं नाव घेऊन कुणी आम्हाला लुटलं, तर ते बघायला एक माणूस नाही? एक टेबल नाही? या खिडकीवरून त्या खिडकीवर दोन दिवस फिरलो, युनिट बंद ठेवून.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा. मी नवव्या दिवशी केला, तोवर त्यांचं खातं रिकामं.

पासवर्ड बदललाय. अकराच्या अकरा बिलं त्या खोट्या क्यूआरशिवाय पार्टीला पुन्हा पाठवतोय, सोबत लेटरहेडवरचं ते पत्र. तुम्हाला असा फोन आला तर पैशांआधी त्याचा जीएसटी नंबर मागा आणि पोर्टलवर टाकून बघा, लॉगिनही लागत नाही.