आइस स्केटिंगचा वर्ग: आठ महिने, तीन सत्रं आणि एक माकडहाड

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. मोठ्यांसाठीचा गटवर्ग जरूर लावा. पण भाड्याचे स्केट्स घालून शिकू नका, आणि नुसत्या वर्गाच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. मी दोन्ही चुका केल्या.

मी टोरोंटोला लागून मिसिसागात राहते. वय त्रेचाळीस, मूळची सांगलीची. तिकडे बर्फ म्हणजे उसाच्या रसात टाकायचा नाहीतर काडीला लावून चोखायचा. इथे येऊन नऊ हिवाळे झाले तरी मी बर्फाकडे फावड्याने उपसायची गोष्ट म्हणूनच बघत होते. मग लेकीच्या शाळेची स्केटिंगची सहल निघाली, मदतीला पालक हवे होते, मी उत्साहाने हात वर केला. तिथे गेल्यावर कळलं की पालकांचं काम म्हणजे पोरांच्या स्केट्सच्या नाड्या आवळणं. तासभर वाकून पंचवीसेक जोड आवळले, बोटांची सालं निघाली. मग सगळी पोरं आत आणि मी काचेबाहेर त्यांची दप्तरं सांभाळत. लेक आतून हात करत होती, "आई, ये ना." त्या रात्रीच नाव नोंदवलं.

वर्ग पालिकेच्या कम्युनिटी सेंटरमधला, आठवड्यातून एकदा पंचेचाळीस मिनिटं, नऊ आठवड्यांचं सत्र. फी शंभर-सव्वाशे डॉलरच्या घरात. हेल्मेट सक्तीचं, तेही सीएसएचा, म्हणजे कॅनडाच्या मानक संस्थेचा, शिक्का असलेलं बर्फावरच्या हॉकीचं. सायकलचं चालत नाही. मला आधी हा अतिरेक वाटला होता. पण बर्फावर माणूस बरेचदा मागे पडतो आणि हॉकीचं हेल्मेट डोक्याची मागची बाजू नीट झाकतं, हे मी स्वतःच्या डोक्याने, अगदी शब्दशः, तपासून पाहिलं आहे.

पहिल्या दिवशी आम्ही बारा जण. शिफ्ट संपवून आलेली एक फिलिपिनो नर्स, दोन कोरियन विद्यार्थी, आणि ब्रॅम्प्टनहून येणारे एक सरदारजी, निवृत्त ट्रकचालक, वय सहासष्ट. शिकवणारी मुलगी एकोणीस-वीसची. शेजारी शंकू लावून आखलेल्या जागेत चार वर्षांची पोरं, जी पडली की हसत होती. आम्ही पडायच्या आधीच कण्हत होतो.

वर्गाची पहिली खरी शिकवण पडण्याची. गुडघे वाकवायचे, बूड खाली आणि एका बाजूला न्यायचं, कुल्ल्यावर पडायचं, हात टेकायचे नाहीत. मनगटं मोडतात ती हात टेकल्यामुळेच. उठताना आधी दोन्ही गुडघे बर्फावर, मग एक पाऊल पुढे, दोन्ही हात त्या गुडघ्यावर आणि वर. अर्धा तास आम्ही बारा प्रौढ माणसं मुद्दाम पडत होतो आणि उठत होतो. यूट्यूबवर पाहून हे एकट्याने कुणी करणार नाही, लाज वाटते. बाराही जण एकदम लोटांगण घालतात तेव्हा लाजायला उरतंच कोण? वर्गाचे पैसे मला तिथेच वसूल वाटले.

मग जागच्या जागी पावलं उचलणं, चालत चालत दोन्ही पायांवर घसरत जाणं, आणि स्विझल. टाचा जवळ, चवडे बाहेर, गुडघे वाकवून पाय फाकू द्यायचे आणि मग चवडे आत वळवून पुन्हा जवळ आणायचे. मागे वळून पाहिलं तर बर्फावर आंब्याच्या कोयींची माळ उमटलेली असते. माझ्या कोयी सुरुवातीला सगळ्या एका बाजूने चेपलेल्या असायच्या, कारण डावा पाय काम करायचा आणि उजवा नुसता पाहुणा.

खरा घोळ स्केट्सचा होता. पहिलं सत्र मी रिंकवरचे, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानावरचे, भाड्याचे घालून काढलं. घोट्यापाशी बूट इतका मऊ की पाय आत लवंडायचा, आणि पात्याला धार नावालाच. दर वर्गाला वाटायचं, आपले घोटेच अधू आहेत. सहाव्या आठवड्यात सरदारजींनी वाकून माझ्या पात्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, "बेटा, इससे तो मक्खन भी नहीं कटेगा."

इथे थोडं पात्याबद्दल, कारण हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते. स्केटचं पातं सुरीसारखं निमुळतं नसतं. खालून त्याला लांबीभर एक उथळ पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन धारा, एक आतली, एक बाहेरची. आपण वळतो, ढकलतो, थांबतो ते या धारांवर. त्या बोथट झाल्या की पाय ढकलला तरी नुसता सटकतो. नख हलकेच आडवं ओढल्यावर त्याची पांढरी भुकटी निघाली तर धार आहे. दोन्ही धारा सारख्या उंचीच्या आहेत का हे पाहायला पात्यावर एक नाणं आडवं ठेवायचं. ते एका बाजूला कललं तर धार लावणाऱ्याने घाई केली आहे. माझ्या बाबतीत एका दुकानाने नेमकी तीच केली. नवे स्केट्स घेऊन गेले तर उजव्या पायाने सरळ जाता येईना, सारखी कठड्याकडे ओढ. नाण्याची युक्ती कळल्यावर दुसरीकडे जाऊन पुन्हा धार लावली. आठ-दहा डॉलरचं काम, पण माणूस बघून द्यावं.

विकत घेताना मी फिगर स्केट्स, म्हणजे बर्फावर नाचतात, उड्या मारतात त्यासाठीचे, घेतले, दीडशे डॉलरच्या आतले. हॉकीचे की फिगरचे, यावर इथे लोक तावातावाने भांडतात. माझं मत असं: फिगरचं पातं लांब आणि जास्त सपाट असतं, त्यामुळे मागे-पुढे डुलताना आधार मिळतो. हॉकीचं पातं दोन्ही टोकांना वर वळलेलं, जरा मागे रेललात की गेलात. पण फिगरच्या पुढच्या टोकाला दाते असतात, टो-पिक, ते उड्यांसाठी. नवशिक्याने पुढे वाकून चालायचा प्रयत्न केला की ते दाते बर्फात रुततात आणि माणूस तोंडघशी पडतो. मी पडले, तीनदा. चौथ्यांदा शरीर आपोआप ताठ राहायला शिकलं. मापाचं म्हणाल तर रोजच्या बुटाच्या मापावर जाऊ नका, स्केट्स बहुधा त्याहून लहान लागतात. पायात घालून, गुडघा वाकवून टाच मागे घट्ट बसते का ते पाहा. नाड्या बोटांवर थोड्या सैल, घोट्यावर करकचून.

नव्या स्केट्सवर दुसऱ्या सत्रात थांबायला आलं. स्नोप्लाऊ म्हणतात त्याला. चवडे आत, टाचा बाहेर, पात्यांनी बर्फ खरवडत थांबायचं. सांगायला एक वाक्य, यायला पाच आठवडे. जोर जास्त झाला की धार रुतते आणि आपण गोल फिरतो, कमी झाला की काहीच होत नाही, आपण शांतपणे कठड्यावर जाऊन आदळतो. मग एका मंगळवारी पायाखालून खर्रर्र असा आवाज आला, किसणीवर नारळ ओढल्यासारखा, आणि पात्यापुढे पांढऱ्या किसाचा छोटा ढीग जमला. मी थांबले होते. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि त्या नादात त्या स्वतः पडल्या.

आता वर्गाची उणी बाजू. पंचेचाळीस मिनिटांतली दहा तर जमायला आणि पांगायला जातात. दुसऱ्या सत्रात पहिली आणि दुसरी पातळी एकत्र केली, बाई एकच. तिचा सगळा वेळ नव्यांना उभं करण्यात जायचा. आम्ही मागे जायचं शिकत होतो, म्हणजे आमचं आम्हीच. तक्रार केली, उत्तर नम्र आलं, बदल शून्य. आणि आठवड्यातून एकदा केलेलं शरीर सहा दिवसांत विसरतं. मला आलं ते शुक्रवारी दुपारच्या फक्त मोठ्यांसाठीच्या खुल्या वेळेत. काही डॉलरचं तिकीट, डबा खाऊन जायचं, एक तास एकच गोष्ट घोटायची. जमलं तर झांबोनी फिरून गेल्यावर दहाएक मिनिटांनी जा. हे यंत्र बर्फाचा वरचा खरबरीत थर तासतं आणि मागून गरम पाण्याचा पातळ थर सोडतं, तो गोठला की बर्फ काचेसारखा होतो. कॅलिफोर्नियात फ्रँक झांबोनी यांनी 1949 मध्ये ते बनवलं, तेव्हापासून आडनावच यंत्राचं नाव झालंय, आपल्याकडच्या डालड्यासारखं.

खुल्या वेळेची एक खोड लक्षात ठेवा. सगळे एकाच दिशेने फिरतात, बहुतेक वेळा घड्याळाच्या उलट. त्यामुळे डावीकडचं वळण सुरेख येतं आणि उजवीकडे आपण पुन्हा पहिलीत. वर्गात दोन्ही दिशांना करून घेतात, म्हणून वर्गही सोडू नये.

माकडहाडाचं राहिलं. फेब्रुवारीत ऑटावाला गेलो होतो, हिवाळ्यात गोठणाऱ्या रिडो कालव्यावर स्केटिंग करायला. निम्म्याहून जास्त मजल झाल्यावर, म्हणजे 7.8 किलोमीटरच्या वाटेतली पाचेक झाल्यावर, मी फारच खुशीत आले. रिंकचा बर्फ आणि कालव्याचा बर्फ यांत शेणाने सारवलेलं अंगण आणि नांगरलेलं रान एवढा फरक असतो. नैसर्गिक बर्फाला लांबच्या लांब भेगा पडतात, आणि भेग पात्याच्या दिशेने असली की पातं तिच्यात शिरतं. लेक मागून ओरडली, "आई, गुडघे!" तोवर मी बसले होते. तीन आठवडे ऑफिसात उशी घेऊन गेले. पडायचं कसं हे नऊ आठवडे शिकूनही भेगेने विचार करायला वेळ दिला नाही. तरी कालव्यावर जाच. 2022-23 च्या हिवाळ्यात बर्फ पुरेसा जाड झालाच नाही आणि तो एक दिवसही उघडला नाही. 1970-71 मध्ये ही वाट सुरू झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं. पुढे किती हिवाळे मिळतील कोण जाणे.

आठ महिन्यांनंतरचा हिशेब: पुढे जाणं, थांबणं, एका पायावर घसरणं, मागे जाणं येतं. पुढून मागे वळणं दहातून सहादा. क्रॉसओव्हर, म्हणजे वळताना बाहेरचा पाय आतल्या पायावरून टाकणं, डावीकडे येतो. सरदारजींना दोन्हीकडे येतो आणि ते मला ते विसरू देत नाहीत. पुढच्या पातळीची नोंदणी सकाळी सातला उघडते आणि चहा उकळेपर्यंत भरते, त्यामुळे यादीतला वर्गक्रमांक आधीच लिहून ठेवावा लागतो. उन्हाळ्यात बऱ्याच रिंकांवरचा बर्फ काढून टाकतात. आमच्या जवळची एक तेवढी चालू राहते. शुक्रवारी दुपारी तिथे उजवीकडे वळताना कुणी मराठीत पुटपुटत पडली, तर ती मी. हात द्यायला येऊ नका, मला उठता येतं.