व्हर्टस 1.0 की 1.5? दोन्ही चालवून झाल्यावर

माझ्याकडे फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी सेडान आहे, 1.5 टीएसआय (टर्बो पेट्रोल), 7 स्पीड डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). मेव्हण्याकडे 1.0 टीएसआय, 6 स्पीड ऑटोमॅटिक. दोन्ही चाकणच्याच कारखान्यातल्या, आणि गेले कित्येक महिने आमची किल्ल्यांची अदलाबदल चालू असते. एका टेस्ट ड्राइव्हमध्ये जे कळत नाही, ते यात बरंच कळलं.

आधी आकडे. 1.0 म्हणजे 999 सीसी, तीन सिलिंडर, पॉवर 115 पीएस, टॉर्क म्हणजे ओढण्याची ताकद 178 एनएम. 1.5 म्हणजे 1498 सीसी, चार सिलिंडर, 150 पीएस, 250 एनएम. शोरूममध्ये सगळे पॉवर विचारतात. पॉवरमध्ये फरक 30 टक्क्यांचा, टॉर्कमध्ये मात्र 40 टक्क्यांचा, आणि रोजच्या चालवण्यात पायाला जाणवतो तो टॉर्कच.

तो नेमका कुठे जाणवतो, हे बघायचं तर पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढा. पाच माणसं, लग्नाच्या सामानाने गच्च भरलेली डिकी, एसी चालू, पुढे रांगणारा ट्रक. वळण संपलं, ट्रकशेजारची लेन मोकळी झाली, पाय दाबला. 1.0 मध्ये आधी क्षणभर काहीच होत नाही. मग गिअरबॉक्स खाली येतो, आरपीएमचा काटा चार हजारांच्या पुढे सरकतो, तीन सिलिंडरची ती घरघर केबिनमध्ये भरते आणि गाडी निघते. निघते, हे महत्त्वाचं. बिचारी अडकत नाही. पण मागच्या सीटवरून सासूबाई "हळू रे" म्हणतात ते वेगाला नाही, आवाजाला. 1.5 त्याच जागी दोन हजारांच्या आसपास, तिसऱ्यातच, गुपचूप खेचून नेते. गप्पा थांबत नाहीत.

सपाट रस्त्यावर एकट्याने चालवाल तर हा फरक निम्म्याने कमी होतो. 1.0 टर्बो एकदा जागा झाला की चांगलाच चपळ आहे, आणि एक्स्प्रेसवेवर शंभरची मर्यादा दोघींनाही सारखीच.

शहरात मात्र मला मेव्हण्याची गाडी आवडते. हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत तिचा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लोण्यासारखा सरकतो. डीएसजीत दोन ड्राय, म्हणजे तेलात न बुडलेले, क्लच आहेत. एक चालू गिअर धरतो, दुसऱ्यावर पुढचा गिअर तयार असतो. वेगात गिअर बदलल्याचं कळतही नाही. पण पावलापावलाने सरकताना क्लच अर्धवट लागत राहतो, तापतो. म्हणून मी समोर थोडी जागा होऊ देतो आणि मगच ब्रेक सोडतो. ती जागा बघून रिक्षावाले आत घुसतात, त्याला इलाज नाही.

मायलेजचा हिशोब उलटासुलटा आहे. गर्दीत 1.5 जास्त पिते. हायवेवर पाय हलका ठेवला की तिचे मधले दोन सिलिंडर बंद होतात, वाल्व्ह मिटून नुसते फिरत राहतात. त्यामुळे लांबच्या प्रवासात ती लहान इंजिनच्या जवळपास जाते, कधी वरचढही ठरते. हा बदल होताना कुठे धक्का जाणवत नाही.

एक खटकतं: जीटीला पुढे डिस्क ब्रेकवर लाल कॅलिपर, मागे मात्र साधे ड्रम ब्रेक. उतारावर ब्रेक कमी पडला असं नाही, पण 150 पीएसच्या गाडीला मागे डिस्क शोभली असती.

रोजचं ऑफिस आणि वर्षातून एखाददुसरी कोकणवारी असेल, तर 1.0 ऑटोमॅटिक घ्या आणि वाचलेल्या पैशांत चांगले टायर टाका. महिन्याला घाट चढणारे असाल, तेही भरल्या गाडीने, तर 1.5 ला पर्याय नाही. त्यात नंतर, 2023 मध्ये, 6 स्पीड मॅन्युअलही आली. ती माझ्या वेळी असती तर मी डीएसजीकडे बघितलंच नसतं. मेव्हण्याला हे सांगितलं तर तो म्हणतो, "दाजी, वाकडला राहून डावा पाय कशाला झिजवताय?"