पुळणीवरून गरवताना: शिसं तळाला की सरकतं, कोळंबी की माकूल?

पुळणीवरून गरवायला, म्हणजे गरीने मासे पकडायला, रॉड आणि रीळ घेऊन झालं की लगेच दोन प्रश्न उभे राहतात: तंगुसाच्या (नायलॉनच्या दोरीच्या) टोकाला काय बांधायचं आणि गरीला (आकड्याला) काय लावायचं? मी बरीच वर्षं मालवण-देवगडच्या पट्ट्यात गरवतोय, अधूनमधून अलिबागकडेही जातो. नवख्याला माझं सांगणं ठरलेलं आहे. शिसं, म्हणजे तंगूस खाली नेणारं वजन, तळाला ठेवा, त्याच्या वर दोन बारीक गऱ्या बांधा, आमिषाला ताजी कोळंबी घ्या आणि मुडदुशी या लहान, निमुळत्या माशाच्या मागे लागा. रावस, जिताडा, तांबोशी यांना थांबू द्या.

दुकानात बहुतेकांची पहिली चूक होते ती मोठी गरी घेण्याची. गरीचे आकडे उलटे चालतात: ८ नंबरची गरी ४ नंबरपेक्षा लहान असते. १ नंबरनंतर १/०, २/० असे आकडे सुरू होतात आणि तिथून पुढे आकडा वाढेल तशी गरी मोठी. मुडदुशीचं तोंड अगदी चिमुकलं, वाळूतले किडे आणि बारीक कोळंबी टिपायला घडलेलं. तिच्यासाठी ६ किंवा ८ नंबरची, लांब दांड्याची गरी घ्यावी. ३/० च्या गरीवर ती फक्त आमिष कुरतडून जाईल, आणि तुम्ही तासभर टकटक मोजत राहाल.

आता मांडणी. शिसं तळाला असलेल्या प्रकारात मुख्य तंगूस सरळ खाली शिशापर्यंत जातो आणि त्याला वर दोन आखूड फांद्या फुटतात, प्रत्येक फांदीला एक गरी. सरकत्या शिशात तंगूस शिशाच्या भोकातून ओवलेला असतो, पुढे स्विव्हल (तंगुसाला पीळ पडू न देणारी फिरती कडी), आणि स्विव्हलपासून दीड-दोन फुटांवर एकच गरी. दुसऱ्या प्रकाराची बाजू खरी आहे. मासा आमिष घेऊन निघाला की त्याला शिशाचं ओझं जाणवत नाही, आणि शहाणा मासा बिथरत नाही. पण त्यासाठी तंगूस सैल सोडून, बोटावर ताण ओळखून, नेमक्या क्षणी झटका द्यावा लागतो. लाटा तंगुसाला सतत ओढत असताना नवख्याला लाटेची ओढ कुठली आणि माशाची कुठली हे कळत नाही. तळाच्या शिशावर हा प्रश्न बराचसा सुटतो. मासा आमिष ओढतो, शिसं जागचं हलत नाही, आणि त्या विरोधातच गरी रुतते.

दुसरा फरक फेकताना कळतो. सरकत्या शिशाची लांब शेपटी हवेत गरगरून मुख्य तंगुसाला वेढे घालते. फेक अजून झटक्याची असेल तर हमखास. आखूड फांद्यांत गुंता कमी होतो, फक्त एक हिशेब पाळा: फांदी १५ सेंटिमीटरची ठेवली तर दोन फांद्यांमधलं अंतर निदान ४० सेंटिमीटर हवं, म्हणजे दोन गऱ्या एकमेकींपर्यंत पोचतच नाहीत. मधला कणा जाड तंगुसाचा घ्या, ०.५० मिलिमीटरचा, आणि फांद्या ०.३० च्या. जाड कणा ताठ राहतो, फांद्या त्याला चिकटत नाहीत. जवळपास खडक असेल तर शिसं मुद्दाम पातळ तंगुसाने बांधा. अडकलं तर तेवढंच तुटतं, गऱ्या आणि मासा परत येतात.

पुळण कुठली, यावरही बरंच ठरतं. मुंबई-अलिबागकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या वर जातो, मालवण-गोव्याकडे तो साधारण २ मीटरच्या आसपास. उत्तरेच्या सपाट पुळणींवर ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की फेकून उपयोग नाही, आणि भरतीत पाण्याला आडवी ओढ असते. तिथे गोल शिसं गडगडत किनाऱ्याला येतं. पिरॅमिडसारखं कोनदार शिसं वाळूत रुतून बसतं, म्हणून मी तिकडे तेच वापरतो, ८० ते १०० ग्रॅमचं. तुमच्या रॉडवर जास्तीत जास्त वजन लिहिलेलं असतं, ते ओलांडू नका. दक्षिणेकडे शांत दिवशी ५०-६० ग्रॅम पुरतं. वेळेसाठी आपल्या वाडवडिलांचा हिशेब आजही चालतो: तिथीला पाऊणने गुणा, साधारण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास. भरती पुरी होण्याआधीचे दोन तास मला सगळ्यात आवडतात. आणि फार लांब फेकायची धडपड नको, मुडदुशी लाटा फुटतात तिथल्या खोलगटीत, अगदी जवळ असते.

आमिषात कोळंबी पहिली, कारण ती बाजारात रोज मिळते आणि जवळपास प्रत्येक मासा खातो. तिचा दोष असा की ती मऊ. फेकताना निसटते, खेकडे दोन मिनिटांत फस्त करतात. त्यावर उपाय म्हणजे सोललेली कोळंबी रात्रभर जाड मिठात ठेवणं, सकाळी ती चिवट झालेली असते. नखाएवढा तुकडा लावा, गरीचं टोक बाहेर दिसू द्या. डोकं काळं पडलेली कोळंबी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, मला तिच्यावर कधी धड मासा लागला नाही.

माकूल (स्क्विड) याच्या उलट. त्याची बोटभर लांब, अरुंद पट्टी गरीवरून निघतच नाही, एकाच पट्टीवर तीन-चार फेकी होतात. खेकड्यांनी हैराण केलं असेल तर सरळ माकुलाकडे वळा. मुडदुशीला मात्र ती कोळंबीइतकी रुचत नाही. तारली आणि बांगडा यांच्या तेलाचा वास पाण्यात लांबवर पसरतो, पण मांस फेकीतच फुटतं. तुकडा बारीक इलॅस्टिक दोऱ्याने गुंडाळल्याशिवाय लावू नका. हे रात्रीचं आमिष, शिंगाळा या मिशीवाल्या माशासाठी. शिवल्यांचा (शिंपल्यांचा) गर मला व्यक्तिशः फार आवडतो. मुडदुशी त्यावर तुटून पडते, पण शिवल्या फोडत बसायला वेळ हवा आणि गर कोळंबीपेक्षाही मऊ.

सरकतं शिसं केव्हा घ्यायचं? मुडदुशी नेमाने लागू लागल्या, अंधारातही बोटाला ओढ ओळखता येऊ लागली, की १/० किंवा २/० ची गरी, तारलीचा तुकडा आणि सरकतं शिसं घेऊन संध्याकाळच्या भरतीला उभं राहा. तेव्हा शिंगाळा लागेल, आणि त्याला हात लावण्याआधी पक्कड हातात हवी. त्याच्या पाठीवरचा एक आणि दोन्ही बाजूंचे दोन काटे विषारी असतात. काटा लागला तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवा, वेदना उतरते, आणि काटा आत तुटला असेल तर थेट डॉक्टरकडे जा. पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै, राज्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या खवळलेल्या समुद्रासमोर पुळणीवरही उभं राहू नका. आणि तुटलेला तंगूस वाळूत टाकू नका, खिशात घालून घरी न्या. वेळास, आंजर्ल्यासारख्या पुळणींवर कासवं अंडी घालायला येतात, त्यांच्या पिल्लांना त्याच वाळूतून पाण्याकडे जायचं असतं.