रायझन ५ ५६०० आणि आरएक्स ६६००: १०८०पी गेमिंगसाठी जमलेली जोडी

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डची जोडी ठरवताना आधी मॉनिटर बघा. ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० फ्रेम दाखवणारा) १०८०पी मॉनिटर असेल आणि तोच ठेवायचा असेल, तर चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग) आय३-१२१००एफ बहुतेक गेमना पुरतो. वाचलेले पैसे कार्डात घाला. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल आणि व्हॅलोरंट किंवा सीएस२ खेळायचं असेल, तर मात्र प्रोसेसरवर खर्च केल्याशिवाय इलाज नाही. या गेममध्ये फ्रेम अडतात त्या प्रोसेसरपाशी. सायबरपंक २०७७सारख्या गेममध्ये सगळा भार कार्डावर येतो. दोन्ही प्रकारचं खेळणाऱ्या आणि हात आखडून खर्च करणाऱ्या माणसाला आमची शिफारस सरळ आहे: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरएक्स ६६०० कार्ड आणि बी५५० मदरबोर्ड (पुढे नुसतं ‘बोर्ड’).

प्रोसेसर ६ कोअर, १२ थ्रेडचा, ३२ एमबी एल३ कॅशचा (कॅश म्हणजे प्रोसेसरमधली वेगवान मेमरी), ६५ वॅटचा. सोबत येणारा कूलर त्याला पुरतो, वेगळा घ्यायची गरज नाही. कार्डाला ८ जीबी मेमरी, वापर १३२ वॅट, आणि ८ पिनची एकच वायर. ४५० वॅटचा चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, पुरे. पुढे मोठं कार्ड घ्यायचा विचार असेल तर ५५०चा घ्या. मोलेक्सचं (जुन्या चार पिनच्या कनेक्टरचं) कन्व्हर्टर लावून ८ पिनची वायर बनवून देणाऱ्या दुकानदाराला तिथेच नाही म्हणा. त्या पातळ वायरी आणि सैल पिना सततचा लोड घेण्यासाठी नसतात; कनेक्टर तापून वितळतो.

खरी मेख बोर्डात आणि लेनमध्ये, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधल्या डेटाच्या वाटांत, आहे. आरएक्स ६६०० पूर्ण लांबीच्या स्लॉटमध्ये बसतं, पण वापरतं फक्त ८ लेन. पीसीआयई (कार्डाच्या स्लॉटचा प्रकार) ४.०वर या ८ लेनमधून सेकंदाला जवळजवळ १६ जीबी डेटा जातो, ३.०वर त्याच्या निम्मा. कार्डाची स्वतःची मेमरी पुरते तोवर फरक नगण्य. टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवरची चित्रं) अल्ट्रावर, म्हणजे सगळ्यात वरच्या सेटिंगवर, नेले आणि ८ जीबी भरली, की उरलेला डेटा सिस्टिमच्या रॅममधून याच लेनवरून आणावा लागतो. मग सरासरी एफपीएस (सेकंदाला फ्रेम) ठीक दिसतो, पण गाडी वेगात वळवली किंवा नवीन भागात शिरलात की गेम अडखळतो. टेक्स्चर एक पायरी खाली आणले की बहुतेकदा हे थांबतं.

आता बघा, या ३.०च्या कचाट्यात कोण सापडतं. रायझन ५ ५५०० आणि ५६००जी हे दोन्ही प्रोसेसर मुळातच ३.०चे आहेत, बोर्ड कितीही भारी घ्या. आणि ए५२० किंवा बी४५० बोर्डवर ५६०० बसवला तरी स्लॉट ३.०च राहतो. ‘५५०० म्हणजे ५६००च, फक्त २०० मेगाहर्ट्झ कमी’ असं काउंटरवर सर्रास सांगतात. ते खरं नाही. ५५००ची एल३ कॅश १६ एमबी, म्हणजे निम्मी, आणि जास्त फ्रेमच्या गेमना तीच कॅश लागते. ५६००जीचंही तसंच. कार्ड वर्षभराने घ्यायचं असेल आणि तोवर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर भागवायचं असेल तरच तो घ्यावा; कार्ड आजच घेताय तर त्याला अर्थ नाही.

घरी आधीपासून बी४५० असेल तर फेकू नका. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, मग ५६०० बसवा. क्रम उलटा झाला तर स्क्रीन काळीच राहते आणि पुन्हा जुना प्रोसेसर शोधावा लागतो.

कार्डाच्या पर्यायांपैकी आरएक्स ६५०० एक्सटी टाळाच. ४ जीबी मेमरी, लेन चारच, शिवाय व्हिडिओ एन्कोडर नाही. म्हणजे गेम रेकॉर्ड करायचा तर तोही बोजा प्रोसेसरवर. आरटीएक्स ३०५० या नावाने दोन वेगळी कार्डं विकली जातात: ८ जीबीचं १३० वॅटचं, आणि २०२४मध्ये आलेलं ६ जीबीचं ७० वॅटचं. दुसऱ्याला बहुधा वेगळी पॉवर वायर लागत नाही, म्हणून छोट्या एसएमपीएसच्या जुन्या ऑफिस पीसीत ते चालून जातं. गेमिंगमध्ये दोन्ही ६६००च्या मागे आहेत. पण ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) किंवा कूडावर (एनव्हिडिया कार्डावर आकडेमोड करण्याची प्रणाली) चालणारं कॉलेजचं काम असेल तर एनव्हिडियाच घ्या. रे ट्रेसिंगमध्येही (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याचं तंत्र) ६६०० कमजोर आहे. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबीचं आणि दमदार आहे, मात्र त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरला जास्त राबवतो, त्यामुळे ५६००सोबत काही गेममध्ये त्याचा पूर्ण जोर दिसत नाही.

रॅम ८ जीबीच्या दोन स्टिक, डीडीआर४ ३२०० किंवा ३६००. एकच १६ जीबीची स्टिक लावली तर ड्युअल चॅनल (रॅमशी दोन वाटांनी एकाच वेळी देवाणघेवाण) मिळत नाही आणि फ्रेम उगाच पडतात. चार स्लॉटच्या बोर्डात प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा. बायोसमध्ये एक्सएमपी (काही बोर्डांवर डीओसीपी) चालू करा. नाहीतर ३२००ची रॅम २१३३ किंवा २४००वर चालत बसते.

मॉनिटरची केबल कार्डालाच लावा. ५६००मध्ये ग्राफिक्स नाही, त्यामुळे बोर्डच्या एचडीएमआयवर काहीच दिसणार नाही. बायोसमध्ये ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ आणि ‘रिसाइझेबल बार’ चालू करा, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरता येते. त्यासाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करण्याची सोय) बंद करावं लागतं, आणि जुनी विंडोज एमबीआर (जुन्या पद्धतीच्या मांडणीच्या) डिस्कवर असेल तर मग ती सुरूच होत नाही. घाबरू नका: सीएसएम परत चालू करा, बॅकअप घ्या, विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटीने डिस्क बदला, मग सीएसएम बंद करा.

जोडी जमली का, हे वेबसाइटवरच्या ‘बॉटलनेक कॅल्क्युलेटर’ला (कोणता भाग दुसऱ्याला अडवतो याचा अंदाज सांगणारं पान) विचारू नका. तो आकडा गेम बघत नाही, सेटिंग बघत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर (वापराचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा, व्हीसिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद करा आणि नेहमीचा गेम चालवा. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण काम करतंय, तसंच हवं. तो ७०च्या आसपास घुटमळत असेल, तर रिझोल्यूशन ७२०पीवर आणून बघा. फ्रेम वाढल्या नाहीत तर मर्यादा प्रोसेसरची किंवा रॅमची. प्रोसेसरचा एकूण वापर ४५ टक्के दिसला म्हणून तो मोकळा आहे असं समजू नका. एखादा कोअर पूर्ण भरलेला असतो, म्हणून आकडे कोअरनिहाय बघा.

प्रोसेसर बॉक्स पॅकच घ्या, ट्रे पीस (बॉक्सशिवाय सुटा) नको. बॉक्सवर एएमडीची ३ वर्षांची वॉरंटी असते. ६६०० सेकंडहँड घेत असाल तर विकणाऱ्यासमोर २० मिनिटं फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर) चालवा आणि जीपीयूचं (कार्डाच्या चिपचं) तापमान व हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) शेजारी-शेजारी बघा. दोघांत ३० अंशांहून जास्त अंतर असेल तर पेस्ट (चिपची उष्णता कूलरकडे नेणारी) वाळलेली असण्याची शक्यता मोठी. पेस्ट बदलण्याचा खर्च किमतीतून कमी करून घ्या. फॅन हाताने फिरवल्यावर खरखरत असेल, तर ते कार्ड सोडून द्या.