पेट्रोफ की बर्लिन: काळ्या मोहऱ्यांनी अर्धा गुण हवा असेल तर

बुद्धिबळात काळ्याने १.ई४ ला ई५ हेच उत्तर द्यायचं आणि बरोबरी (अर्धा गुण) हातची जाऊ द्यायची नाही, एवढं ठरलं की निवड पेट्रोफ आणि बर्लिन या दोन बचावांत उरते.

बर्लिनचा दबदबा मोठा. २००० च्या लंडनच्या जागतिक विजेतेपदाच्या लढतीत क्रामनिकने हा बचाव चार डावांत खेळला, चारही बरोबरीत सुटले आणि कास्पारोव्हला अख्ख्या लढतीत एकही डाव जिंकता आला नाही. पण आठव्या चालीला दोघांचेही वजीर गेल्यावर उरतं ते सोपं नाही. काळ्याचा राजा डी८ वर, कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल) गेलेलं, सी-पट्टीत एकामागे एक दोन प्यादी आणि एच८ चा हत्ती कोंडलेला. दोन उंट आहेत, पण पांढऱ्याला जी४ आणि मग एफ४-एफ५ सुखासुखी मिळालं की त्या उंटांचा उपयोग व्हायच्या आत डाव निसटतो. म्हणून काळ्याचं एच५ वेळेवर हवं.

खरी अडचण त्याच्याही आधीची. बर्लिन होण्यासाठी पांढऱ्याने तिसऱ्या चालीला उंट बी५ वर आणायला हवा, म्हणजे रुय लोपेझ खेळायला हवा. त्याने सी४ वर आणला (इटालियन) किंवा थेट डी४ केलं (स्कॉच), की तुमची सगळी तयारी वहीतच राहते. इटालियन आणि स्कॉच वेगळे शिकावे लागतात. वरच्या पातळीवर हे खपून जातं. साध्या खुल्या स्पर्धेत, माझ्या मते, नाही.

पेट्रोफ दुसऱ्याच चालीला, काळ्याचा घोडा एफ६ वर आला की ठरतो (पुढे घो म्हणजे घोडा, व म्हणजे वजीर, x म्हणजे मारणं). ३.घोxई५ वर आधी डी६, मगच ई४ चं प्यादं घ्यायचं. उलटं केलंत तर ४.व-ई२, आणि घोडा घाईने एफ६ वर परतला तर ५.घो-सी६ च्या उघड शहाने वजीर गेला. डी६ नंतर ४.घो-एफ३ घोxई४ झाल्यावर ५.घो-सी३ घोxसी३ ६.डीxसी३ जरा जपून: पांढरा मोठं कॅसलिंग करतो, तुम्ही छोटं केलंत तर एच-प्यादं धावत येतं. ५.व-ई२ व-ई७ मात्र अगदी कोरडं. अर्धा गुण हवा असेल तर उत्तम, कमी रेटिंगवाल्याला हरवायचं असेल तर वैताग.

पेट्रोफला रटाळ म्हणावं, तर २०१८ च्या जागतिक लढतीतला सहावा डाव बघा. कार्लसनने ४.घो-डी३ केलं, वजीर लवकर गेले, तरी डाव ८० चालींपर्यंत गेला आणि शेवटी बरोबरीसाठी धडपडत होता तो पांढरा. २०२१ च्या जागतिक लढतीच्या आठव्या डावात नेपोम्नियाची पेट्रोफमध्ये हरला हे खरं. पण तिथे घात केला तो २१व्या चालीच्या बी५ ने, ओपनिंगने नव्हे.

समोरचा रुय लोपेझशिवाय काही खेळतच नाही अशी खात्री असेल, तर बर्लिन जरूर घ्या.