नंबरचा डायव्हिंग मास्क, आठ महिन्यांनंतर : काच झकास, बकल भंगार

चार महिने ज्याची वाट पाहिली ते मास्कच्या पट्ट्याचं बकल आज कुरियरने आलं. त्याचं काय झालं ते शेवटी सांगतो, नाहीतर पहिल्या ओळीपासूनच शिव्या सुरू होतील आणि बिचाऱ्या मास्कवर अन्याय होईल. कारण मास्क चांगला आहे. फेब्रुवारीत हे वाक्य माझ्या हातून उतरलं नसतं. तेव्हा याच मास्कला पाचपैकी एक तारा देऊन खाली ‘पैसे पाण्यात’ एवढंच लिहिलं होतं, आणि विनोद फार जमला म्हणून स्वतःवरच खूश होतो. तो तारा आज मागे घेतोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही.

माझा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस ४.५, थोडा सिलिंडर (म्हणजे तिरपा नंबर), वय ४६. म्हणजे लांबचं दिसत नाहीच आणि जवळचंही आता रुसायला लागलंय. गेल्या वर्षी ओपन वॉटरचं, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या पायरीचं, कार्ड काढलं तेव्हा चष्म्याविना उतरलो होतो. आंघोळीला चष्मा काढल्यावर बाथरूम जसं दिसतं, तसा मला अरबी समुद्र दिसला. चष्मा मास्कच्या आत चालत नाही, दांड्यांपाशी फट राहून पाणी शिरतं. कॉन्टॅक्ट लेन्स लावून पाहिल्या. मास्कमध्ये पाणी आलं की डोळे मिटायचे हे ऐन वेळी आठवत नाही, त्यामुळे एक लेन्स तारकर्लीच्या प्रशिक्षण केंद्रातल्या ८ मीटर खोल तलावाला अर्पण केली. मग जानेवारीत हा मास्क घेतला. मास्कचे ६,८०० आणि नंबरच्या काचांचे २,४००. घरी ‘चारेक हजार’ सांगितलंय.

काचांबद्दल आधी लिहितो, कारण पैसे वसूल झाले ते तिथेच. या तयार काचा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने येतात, सिलिंडर त्यात नसतो. विक्रेत्याचा सल्ला होता, दोन्हीकडे ५ घ्या, जास्त पॉवर म्हणजे जास्त क्लिअर. मला ते पटेना. नौपाड्यात आमचे चष्मेवाले काका आहेत, त्यांच्याकडे गेलो. काकांनी समुद्र पाहिलाय तो गेटवेच्या लाँचमधून. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, “खाली तुला वाचायचं काय असतं?” म्हटलं, टाकीत हवा किती उरली तो काटा. “मग डाव्याला साडेचार घे आणि उजव्याला साडेतीन. लांबचं डावा बघेल, काटा उजवा बघेल.” पहिली दहा मिनिटं गरगरलं, नंतर विसरूनही गेलो. आता २०० बारपासून ५० बारपर्यंतचा (बार म्हणजे टाकीतल्या हवेच्या दाबाचं माप) काटा हात लांब न करता वाचतो. काकांनी तपासायचे पैसे घेतले नाहीत. चाळिशी ओलांडलेल्यांनी विक्रेत्याला विचारण्याआधी आपल्या चष्मेवाल्याला विचारावं.

आता फेब्रुवारीतली बोंब. मालवणला पहिल्याच डाइव्हला आत धुकं, आणि नाकाखालून गळती.

धुक्याचं पाप माझं. नव्या काचेवर कारखान्यातून येताना एक अदृश्य थर बसलेला असतो, त्यावर श्वासाची वाफ धरते. पांढरी टूथपेस्ट घ्यायची, जेलवाली नाही, आणि देवाची भांडी घासावीत तशी काच आतून चार-पाच वेळा घासायची. नंतर दर डाइव्हला थुंकी लावून विसळायचं, की झालं. कंपनीच्या पत्रकात हे सगळं छापलेलं होतं. मी ते पत्रक खोक्याबरोबर रद्दीत दिलं होतं.

गळतीचं कारण तर तिथल्या पोराने बोटीवरच सांगितलं होतं. “दादा, मिशी आड येता.” मला तो उद्धटपणा वाटला. पण खरंच, सिलिकॉनचा स्कर्ट, म्हणजे मास्कची चेहऱ्याला चिकटणारी मऊ कड, वरच्या ओठावर टेकतो आणि तिथे केस असले की प्रत्येक केसाच्या कडेने पाण्याला वाट मिळते. दर दोन मिनिटांनी मान वर, मास्कची वरची कड दाबायची, नाकाने फुंकर मारून पाणी बाहेर काढायचं. बाकीचे ४० मिनिटं खाली राहिले. मी सगळी हवा नाकाने उधळून २६ मिनिटांत वर.

म्हणून मार्चमध्ये मिशी काढली. २३ वर्षांत ती एकदाच उतरवली होती, वडील गेले तेव्हा. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे जोशीकाका एकदम गंभीर झाले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, “कधी झालं?” आईची तब्येत ठणठणीत आहे हे त्यांना पटवेपर्यंत तळमजला आला. ‘मास्क गळत होता’ हे कारण मी दिलं नाही. पुढे कळलं की अख्खी मिशी काढायची गरजच नव्हती, नाकाखालची बोटाएवढी पट्टी साफ ठेवली तरी भागतं. आता तशीच ठेवतो. ही म्हणते, मिशी पोस्टाच्या तिकिटासारखी फाडल्यागत दिसते. पण गळती शून्य. दोन तारे वाढवले ते इथे.

एप्रिलमध्ये पुदुच्चेरी. विमान परवडलं असतं, पण एकाहून जास्त डाइव्ह केल्यावर विमानात बसायला १८ तास थांबायचं असतं, म्हणजे हॉटेलची आणखी एक रात्र. त्यापेक्षा चालुक्य एक्सप्रेस कल्याणला पकडली, दीड दिवसाच्या गणपतीएवढा प्रवास. परतीलाही एक दिवस डाइव्ह न करता कोरडा ठेवावा लागलाच, कारण तीच गाडी बंगळुरूला ९०० मीटर उंचीवर चढते आणि डाइव्हनंतर कमी दाबाची हवा बाधते, शरीराला विमान काय नि डोंगर काय, सारखंच. मालवणला डाइव्ह करून लगेच आंबोलीच्या घाटाने कोल्हापूर गाठणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं. असो, मास्कचं बोलू.

तिथलं टेंपल रीफ नावावरून बुडालेलं देऊळ वाटतं. देऊळबिऊळ काही नाही. तिथल्या डाइव्हवाल्यांनी १८ मीटरवर, सपाट वाळूत, ताडामाडाची खोडं, काँक्रीटचे ठोकळे, लोखंडी गज, दगड भरलेली जाळी असलं सामान टाकून केलेली ही वस्ती आहे. १८ मीटर म्हणजे आमच्यासारख्या कार्डवाल्यांची शेवटची मर्यादा. खडपाला मासा असतो हे आपल्या कोळ्यांना कुणी शिकवायला नको. उघड्या वाळूत कुणाला धरायला काही नसतं, टणक काही मिळालं की शेवाळ, शिंपल्या, स्पंज चिकटतात, फटींत बारकी मासळी राहायला येते, तिच्या मागावर मोठी. घोडबंदर रोडला आधी इमारत आली, मग दूधवाला, मग बँक, तसंच.

आणि हे सगळं मला दिसलं! कोमट पाणी, पुढच्या ठोकळ्याखाली लायनफिश काटे पसरून उलटा लटकलेला, ताटलीएवढ्या बॅटफिशांचा थवा, एका फटीतून वामेचं तोंड उघडतंय-मिटतंय. आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखालच्या कुणाच्या तरी डोळ्यांतली बाहुली पाहिली. तांबोशीचा घोळका गेला, पण तांबडा नव्हे, राखाडी. लाल रंग वरच्या काही मीटरांतच विरतो, टॉर्च मारला तेव्हा कुठे तांबोशी तांबडी झाली. मग एक गोबरा. मी मनातल्या मनात चार किलो धरला आणि दरही लावला. वर आल्यावर इन्स्ट्रक्टर म्हणाला, पावणेदोन असेल. मास्कच्या सपाट काचेतून वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते, आणि मासा लांबी, रुंदी, जाडी तिन्हीकडून वाढला की वजनाचा अंदाज दुपटीच्याही वर जातो. हिशोब बरोबर निघाला. चेंदणी कोळीवाड्यातल्या आमच्या मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, “पाण्यातला मासा सगळ्यांचाच मोठा असतो रे.”

त्या डाइव्हनंतर बोटीत पाच तारे द्यायचे ठरवले. पाचच मिनिटांत, पट्टा सैल करायला बटण दाबलं आणि टिक्. उजवं बकल त्याच्या प्लॅस्टिकच्या कानापासून तुटून हातात आलं.

हे बकल काय आहे ते सांगतो, कारण सगळा पुढचा ताप याचाच. अंगठ्याच्या नखाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा. वजन पाच ग्रॅमसुद्धा नसेल. ९,२०० रुपयांची काच, स्कर्ट, फ्रेम, काकांचं डोकं, माझी मिशी, हे सारं त्या पाच ग्रॅमवर लटकलेलं. त्याचा कान ज्या ठिकाणी सर्वात जास्त वाकतो, नेमका त्याच ठिकाणी तो सर्वात बारीक केलाय. ज्याने कुणी हे आखलं त्याने कधी शाळेचं दप्तरसुद्धा उचललेलं नसावं.

दुसरी डाइव्ह उसन्या, बिननंबरच्या मास्कमध्ये. बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, हात हलवून काहीतरी दाखवतोय, मी मान डोलावतोय. हिरवट डाग डावीकडून उजवीकडे सरकला. ते कासव होतं म्हणे. काटाही वाचता येईना, इन्स्ट्रक्टर दर थोड्या वेळाने माझा काटा बघून मला बोटांनी सांगत होता. परतताना बोटीवरच्या माणसाने तुटका मास्क हातात घेतला, त्याला माझी भाषा नाही आणि मला त्याची, पण तंगूस काढून दोन मिनिटांत पट्टा असा बांधून दिला की दुसऱ्या दिवशीच्या दोन्ही डाइव्ह त्यावर निघाल्या. पैसे द्यायला गेलो तर हसला.

ठाण्याला आल्यावर विक्रेत्याला लिहिलं. आधी बिल मागितलं. मग फोटो. मग तुटलेल्या भागाचा व्हिडिओ. तुटलेल्या भागाचा व्हिडिओ म्हणजे काय? तो हलत नाही, बोलत नाही. तरी पाठवला, बारा सेकंदांचा. उत्तर आलं की खाऱ्या पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. डायव्हिंगचा मास्क आहे हो! मी तो कासारवडवलीच्या गच्चीवरच्या टाकीत वापरणार होतो का? मग ट्रान्सहार्बर लोकलने वाशीला त्यांच्या दुकानात, तीन खेपा. पहिल्या खेपेला बकल सुटं मिळतच नाही, नवी फ्रेम घ्या, ३,४०० ला देतो. दुसऱ्या खेपेला माणूस जागेवर नाही. तिसऱ्या खेपेला मिळतं, ३५० रुपये आणि कुरियरचे १५०. दुकानातच पैसे भरत होतो, तरी कुरियर कशाला, तर ‘सिस्टीम तशी आहे’. मेअखेरीस भरले. सोबत कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, उजवं.

एक गोष्ट त्यांना सांगितली नाही, ती इथे सांगतो. मालवणहून आल्यावर मास्क गोड्या पाण्यात न धुता तसाच पिशवीत ठेवला होता, दहा दिवस. बटणात वाळू आणि मीठ होतंच. आता दर वेळी बादलीत बुडवून, पाण्यातच बटण वीस वेळा दाबून मग वाळवतो. तुम्हीही करा. पण म्हणून तो कान तेवढा बारीक करायला नको होता, यावर मी ठाम आहे.

जूनमध्ये मुलीचं दप्तर शिवायला स्टेशनजवळच्या बॅगवाल्याकडे गेलो, सहज मास्कही नेला. त्याने तो उलटासुलटा केला, विचारलं, “हे नाकात पाणी जायचं काय?” आणि दप्तराचं काळं बकल काढून नायलॉनच्या पट्टीवर शिवून दिलं. ४० रुपये. पट्ट्याची लांबी आता एकदाच ठरलेली, क्लिप लावली की झालं, तासाभराने सैल करायची भानगडच नाही. पावसाळाभर तरणतलावात, आणि १ सप्टेंबरनंतर मालवण उघडल्यावर दोन डाइव्ह, कुरकूर नाही. पाणी गढूळ होतं, पण जेवढं होतं तेवढं स्पष्ट गढूळ दिसलं.

बाकी किरकोळ. डबा बळकट आहे. काळ्या स्कर्टमुळे फोटोत माणूस दरोडेखोर दिसतो, पण कडेचा उजेड आत येत नाही, त्यामुळे चालतंय. काचांना पाच तारे, स्कर्टला चार, बकलला देण्यासारखं काही उरलेलं नाही.

आणि मास्क टिकवायचाय तो पुढच्या डाइव्हसाठी. वरळी कोळीवाड्यासमोर २०२४ मध्ये कृत्रिम रीफचे २१० नग सोडलेत ते माशांसाठी, तिथल्या पाण्यात माणसाला काय दिसणार! आपला डोळा सिंधुदुर्गातल्या निवतीवर आहे. नौदलातून निवृत्त झालेलं आयएनएस गुलदार तिथल्या खडकांजवळ तळाला बसवायची योजना निघाली. ८० मीटरहून लांब जहाज, त्यावर गोबरे राहायला येतील तोवर माझा जवळचा नंबर अजून वाढलेला असेल, काकांकडे पुन्हा जावं लागेल.

तर आजचं पाकीट. फोडलं, आत पारदर्शक पिशवी, आत बकल, वर चिकटपट्टीवर माझं नाव अगदी बरोबर. बकल डावं. संध्याकाळी चालत बॅगवाल्याकडे गेलो, म्हटलं निदान याचा काही उपयोग होतो का बघ, ५०० रुपयांचं आहे. त्याने उजेडात धरून पाहिलं, आपलं बकल अजून जागेवर आहे ना ते ओढून पाहिलं, आणि परत हातात दिलं.

“जपून ठेवा साहेब. डावं तुटलं की या, बसवून देतो.”